अदृश्य किरण आणि आपलें आरोग्य

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंत एक लहानशी गोष्ट घडली. तिच्यावरून हा लेख लिहिण्याचें आमच्या मनांत आलें. सातवीच्या वर्गांतील एक मुलगी मधल्या सुटींत एकटीच डबा खात बसूं लागली. वर्गशिक्षिकेनें दोनतीन दिवस पाहिलें, मग तिला जवळ बसवून विचारलें. मुलीची आई मिरजेंतच कर्करोगावर किरणोपचार घेत होती. आईनें थापलेल्या भाकरीबरोबर 'ते किरण' डब्यांत येतात, असें कोणाच्या तरी घरीं बोलणें झालें. तें एका मुलीनें ऐकलें, आणि दोन दिवसांत साऱ्या वर्गानें आपापले डबे तिच्यापासून दूर सरकविले. मुलें दुष्ट नव्हतीं, भ्यालेलीं होतीं. खरें काय आहे हें त्यांना घरीं कोणी सांगितलें नव्हतें, आणि प्रामाणिकपणें बोलावयाचें तर आम्हींहि शाळेंत सांगितलें नव्हतें.

त्या बाईंना रोज कांहीं मिनिटें यंत्राखालीं जे किरण दिले जात, त्यांतील एकहि किरण त्या घरीं आणीत नव्हत्या. असें कां, हें कळण्यास फार मोठें शास्त्र नको. उन्हांत उभा राहिलेला मनुष्य तापतो. पण तो ओसरीवर आला कीं ऊन त्याच्या मागोमाग ओसरीवर येत नाहीं. चिखलांत उभा राहिलेला मनुष्य मात्र पायांबरोबर चिखल घरांत आणतो. बाहेरच्या यंत्रांतून अंगावर पडणारे किरण उन्हासारखे आहेत. यंत्र बंद झालें कीं ते संपले. परंतु किरण फेंकणारा पदार्थच धुळीसारखा अंगास चिकटला, अथवा श्वासावाटे किंवा अन्नावाटे शरीरांत गेला, तर ती गोष्ट चिखलासारखी. गळ्यांतील ग्रंथीच्या कांहीं रोगांवर किरणोत्सारी आयोडीन पोटांत देतात, तो प्रकार या दुसऱ्या वर्गांतला. म्हणून अशा रोग्यास डॉक्टर स्वतःच बजावतात कीं, कांहीं दिवस लेंकरांस मांडीवर घेऊं नये, वेगळें निजावें. बाहेरून किरण घेणाऱ्यास असें कांहीं बजावीत नाहींत, कारण तशी गरजच नसते. बाकीचा लेख वाचक विसरले तरी आमची हरकत नाहीं. ऊन आणि चिखल यांतील हा भेद तेवढा त्यांनीं ध्यानांत ठेवावा.

हाच भेद आणखी एका ठिकाणीं उपयोगी पडतो. नाशिक जिल्ह्यांत लासलगांवास, कांद्यास कोंब फुटूं नयेत म्हणून त्यावर कोबाल्टचे गॅमा किरण सोडणारें केंद्र २००२ सालीं सुरू झालें, आणि २००७ पासून अमेरिकेस जाणारा आपल्याकडचा आंबाहि अशाच किरणांखालून पाठविण्यांत येऊं लागला. तो कांदा किंवा आंबा उन्हांत ठेवलेल्या पापडाप्रमाणें समजावा. पापड उन्हानें वाळतो, पण खाणाराच्या पोटांत ऊन जात नाहीं.

मिरज हें दवाखान्यांचें गांव आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं येथें रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून कोंकण, कर्नाटक आणि सारा दक्षिण महाराष्ट्र येथें उपचारासाठीं येत आला आहे. १९६२ त सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. पुढें कर्करोगाचें स्वतंत्र रुग्णालय झालें. सकाळच्या गाडीनें स्टेशनावर उतरणाऱ्या मंडळींत एकाच्या तरी काखेंत एक्सरेचा तो मोठा लिफाफा असावयाचाच. ज्या गांवांत रोज इतके 'फोटो' निघतात, तेथील मुलांस या किरणांची चार अक्षरें ओळख नसावी, हें आम्हांस नीट दिसत नाहीं.

मग हे किरण आहेत तरी काय? मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानांत आपण तंबोरा पाहिला असेलच. त्याची तार हलक्या बोटानें हजार वेळां छेडली तरी ती झंकारते, तुटत नाहीं. पण पकडीनें एकदांच हिसडा दिला तर तुटते. हजार हलक्या छेडण्यांची बेरीज करून एक हिसडा होत नाहीं. प्रकाश, रेडिओचे तरंग, मोबाइलचे तरंग हे हलक्या बोटासारखे. ते पदार्थाच्या अणूंस थरथरवितात, फार तर ऊब देतात. क्षकिरण, गॅमा किरण, आणि रेडियम-युरेनियमसारख्या धातूंतून उडणारे आल्फा व बीटा कण यांचा प्रत्येक आघात मात्र हिसड्यासारखा असतो. तो अणूंतील इलेक्ट्रॉन उपटून काढतो. इलेक्ट्रॉन हरवलेल्या अणूस आयन म्हणतात, म्हणून या साऱ्यांस शास्त्रज्ञांनीं आयनीकारक किरण असें नांव दिलें. शरीरांतील पेशींच्या पोटांत, आनुवंशिक गुणांची पोथी म्हणून जो लांबलचक रेणु असतो, त्याची तार अशा हिसड्यानें तुटूं शकते. बहुतेक वेळां पेशी ती पुन्हां सांधते. कधीं सांधणें जमत नाहीं आणि पेशी मरते. आणि क्वचित् ती चुकीची सांधली जाते व पेशी जगते. पुढील सारी भीति आहे ती या तिसऱ्या प्रकाराची.

हे किरण मनुष्यानें निर्माण केले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. पृथ्वीवर मनुष्य येण्याच्या आधींपासून ते आहेतच. आकाशांतून विश्वकिरण येतात. उंचावर ते अधिक, म्हणून मिरजेपेक्षां महाबळेश्वरीं थोडे जास्त आणि विमानांत त्याहून पुष्कळ जास्त. पायांखालच्या खडकांत युरेनियम व थोरियम असतात. या बाबतींत आपण भाग्यवान् आहों, कारण दख्खनचा काळा पाषाण या दोन्ही धातूंत दरिद्री आहे. ग्रॅनाइटच्या मुलखांत त्यांचें प्रमाण बरेंच अधिक असतें. केरळांत करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंत मोनाझाइट नांवाचें खनिज आहे व त्यांत थोरियम भरपूर. तेथील कित्येक लोकांस जमिनींतून आपल्या अनेक पट किरण पोंचतात. त्या लोकांची वर्षानुवर्षें पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्यें प्रसिद्ध झाले; जमिनींतील किरणांमुळें कर्करोग वाढल्याचें त्यांत आढळलें नाहीं.

आपल्या शरीरांतहि किरण आहेत, हें ऐकून मुलें दचकतात. मोठ्या माणसाच्या अंगांत सुमारें १४० ग्रॅम पोटॅशियम असतें, आणि त्यांतील एक अत्यल्प भाग किरणोत्सारी असल्यामुळें दर सेकंदास चार हजारांवर अणु आपल्या आंत फुटत असतात. केळें खाल्ल्यानें तें वाढत नाहीं, कारण शरीर जास्तीचें पोटॅशियम बाहेर टाकतें. तंबाखूची गोष्ट निराळी. तिच्या पानावर पोलोनियम नांवाचा किरणोत्सारी पदार्थ सांठतो आणि विडी-सिगारेटच्या धुरांतून सरळ फुप्फुसांत उतरतो. एक्सरेच्या खोलीबाहेर उभा राहून, 'किरणांनीं कांहीं होणार नाहीं ना?' असें विचारीत विडी ओढणारे गृहस्थ आम्हीं स्वतः पाहिले आहेत.

निसर्गाकडून मिळणाऱ्या किरणांत सर्वांत मोठा वांटा मात्र रॅडॉन वायूचा. हा जमिनींतील युरेनियमपासून उपजतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. उघड्यावर तो वाऱ्यानें पांगतो, पण कोंदट, सदा बंद ठेवलेल्या खोल्यांत, विशेषतः तळघरांत, तो सांठतो आणि त्याचे अवशेष श्वासावाटे फुप्फुसांत बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें देशपरत्वें फुप्फुसांच्या कर्करोगांपैकीं शेंकडा ३ ते १४ याच्या वांट्यास जातात, आणि धूम्रपान करणारास त्याचा धोका पुष्कळच अधिक. थंड देशांतील घरट्ट बंद घरांस याची मोठी काळजी असते. आपल्याकडे खिडक्या उघड्या टाकल्या म्हणजे बरेंचसें काम होतें.

या सगळ्यांची मोजणी मिलिसिव्हर्ट या मापानें करतात. जगांतील मनुष्यास निसर्गाकडून वर्षास सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, आणि त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक एकट्या रॅडॉनचे. हा २.४ चा आंकडा हाताशीं ठेवावा. पुढें तो आम्हांस गजासारखा लागणार आहे.

आतां मनुष्यानें हे किरण हातीं धरले त्याची कथा. ता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें प्रोफेसर रोंटगेन काळ्या कागदानें झांकलेल्या नळीवर प्रयोग करीत असतां दूर ठेवलेला एक रासायनिक पडदा चमकूं लागला. हे किरण कसले हें न समजल्यामुळें त्यांनीं त्यांस बीजगणितांतील अज्ञात अक्षराचेंच नांव दिलें. आपण त्याचें क्षकिरण केलें. थोड्याच आठवड्यांत त्यांनीं पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें, त्यांत हाडें आणि बोटांतील आंगठी स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या वर्षीं बेकरेल यांस युरेनियमचे किरण सांपडले. १८९८ त क्यूरी पतिपत्नींनीं रेडियम शोधून काढलें. जगास जणु दुसरी दृष्टि मिळाली. डॉक्टर हाडांत अडकलेली गोळी पाहूं लागले आणि बाजारांत मौज म्हणून लोक स्वतःचा सांपळा पाहूं लागले.

कोणासच दुखत नव्हतें. या किरणांचा हाच मोठा विश्वासघात! विस्तव हात लावतांच कळतो. हे किरण आज पडतात आणि जखम आठवड्यांनीं, कर्करोग वर्षांनीं येतो. अमेरिकेंत एडिसन यांचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली नळ्या नीट चालतात कीं नाहीं हें पाहण्यास स्वतःचाच हात पडद्यापुढें धरी. एक हात भाजला म्हणजे दुसरा धरी. पुढें दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ सालीं तो वारला. एडिसन यांनीं क्षकिरणांचें काम सोडून दिलें. बेकरेल यांनीं १९०१ त रेडियमची नळी बंडीच्या खिशांत बाळगली आणि खिशाखालची कातडी भाजली. मादाम क्यूरी १९३४ त रक्त तयार होण्याचेंच थांबल्यामुळें वारल्या. त्यांच्या टिपणवह्या आजहि किरण फेंकतात.

या सर्व थोर लोकांपेक्षां आमच्या मनाला अधिक लागते ती न्यूजर्सींतील कारखान्यांतल्या मुलींची गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अंधारांत चमकणारीं घड्याळें निघालीं. त्यांचे आंकडे रेडियम मिसळलेल्या रंगानें रंगवीत असत, आणि कुंचल्याचें टोंक बारीक राहावें म्हणून तें ओंठांत धरून ओलें करण्याची रीत होती. मुली दिवसांतून कितीदां तरी तसें करीत. रंग निरुपद्रवी आहे असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. कांहीं जणी तर गंमतीनें नखांस व दांतांस तो लावीत. रेडियम शरीरांत चुन्याच्या जागीं जाऊन बसतें, म्हणजे हाडांत. दांत पडले, जबडे कुजले, रक्त आटलें. त्यांतील पांच जणींनीं कारखान्यावर दावा लाविला, तो १९२८ त तडजोडीनें मिटला. तेथून पुढें कामगारांच्या रक्षणाचे नियम होऊं लागले. पुढें १९३६ त जर्मनींत हांबुर्ग येथें, या किरणांपायीं प्राण गेलेल्या डॉक्टर, शास्त्रज्ञ व परिचारिकांचा स्मृतिस्तंभ उभारण्यांत आला; त्यावर आरंभींच दीडशेहून अधिक नांवें कोरावीं लागलीं. घड्याळें रंगविणाऱ्या मुलींसारख्यांचीं नांवें तेथें कोण कोरणार?

दुसरी एक कथा मिरजेच्या वाचकांस जवळची वाटेल. मिरज-सांगली रस्त्यावरील वानलेसवाडीचें क्षयरोग्यांचें आरोग्यधाम येथील जुन्या मंडळींस माहीत आहे. औषधें निघण्यापूर्वीं जगभर क्षयावर एक उपाय करीत. छातींत हवा भरून रोगी फुप्फुस मिटवावयाचें व त्यास विसांवा द्यावयाचा. ही हवा आठवड्या-पंधरवड्यानें पुन्हां पुन्हां भरावी लागे, आणि दर वेळीं रोग्यास क्षकिरणांच्या पडद्यापुढें उभें करून फुप्फुस पाहात. कॅनडांत नोव्हास्कोशिया प्रांतीं अशा स्त्रियांस दोनचार वर्षांत शंभर-शंभर वेळां, कांहींस त्याहूनहि अधिक वेळां, पडद्यापुढें उभें राहावें लागलें होतें. क्षय बरा झाला. पुढें कित्येक वर्षांनीं तेथील डॉ. मॅकेंझी यांच्याकडे स्तनाचा कर्करोग झालेली एक स्त्री आली. तिच्या छातीच्या कातडीवर किरणांनीं भाजल्याच्या खुणा होत्या. त्यांनीं जुनीं दप्तरें धुंडाळलीं आणि १९६५ त दाखवून दिलें कीं, वारंवार पडद्यापुढें उभ्या राहिलेल्या स्त्रियांत हा रोग इतरांपेक्षां फार अधिक आहे. एकेका वेळची मात्रा कोणास मोठी वाटली नसती; बेरीज मोठी झाली होती. यांत डॉक्टरांस दोष देणें आम्हांस उचित वाटत नाहीं. क्षयानें मरणारी तरुण मुलगी समोर असतां वीस वर्षांनंतरच्या रोगाची कल्पना त्यांना कशी यावी? परंतु आजच्या डॉक्टरांस ती कल्पना आहे, आणि आजच्या रोग्यांसहि ती असावी.

किरणांचे अपाय दोन तऱ्हांचे आहेत. एक तऱ्हा मोठ्या मात्रेची. थोड्या वेळांत फार किरण मिळाले तर कातडी भाजते, केंस गळतात, ओकाऱ्या होतात, रक्तांतील पेशी नाहींशा होतात. साऱ्या अंगावर एकदम चार हजार मिलिसिव्हर्टच्या आसपास पडले आणि उपचार झाले नाहींत, तर निम्मीं माणसें दोन महिन्यांत दगावतात. याला खालची मर्यादा आहे. तिच्या आंत असें कांहीं होत नाहीं. कर्करोगाच्या गांठीवर याहून किती तरी पट मात्रा देतात, पण ती सर्वांगावर नसते. गांठीपुरती, आठवडेच्या आठवडे थोडथोडी विभागून, निरोगी पेशींस सांधण्यास सवड देऊन. पेशी मारण्याची किरणांची जी शक्ति भयंकर, तीच तेथें कामास लावलेली असते.

दुसरी तऱ्हा कर्करोगाची, आणि ती सोडतीसारखी आहे. मात्रा वाढली तर रोग अधिक तीव्र होत नाहीं. रोगाची चिठ्ठी निघण्याचा संभव वाढतो. हा संभव किती, हें मनुष्यजातीस फार मोठी किंमत देऊन कळलें. हिरोशिमा व नागासाकी येथें ऑगस्ट १९४५ मध्यें पडलेल्या बाँबांतून वांचलेल्या नव्वद हजारांहून अधिक लोकांची १९५० पासून पिढीभर पाहणी चालली आहे. तिच्यावरून असा हिशेब बांधतात कीं, हजार माणसांस प्रत्येकीं १०० मिलिसिव्हर्ट मिळाले तर त्यांतील सुमारें पांच जणांचा मृत्यु त्या किरणांमुळें उद्भवलेल्या कर्करोगानें व्हावा. इतर कारणांनीं होणारे कर्करोग त्या हजारांत याहून किती तरी अधिक असतात. १०० च्या खालीं अपाय इतका थोडा कीं तो मोजून दाखवितां येत नाहीं. तथापि सावधगिरी म्हणून मात्रेच्या प्रमाणांत तो आहेच असें धरून चालतात. वांचलेल्यांना पुढें झालेल्या मुलांत मात्र आनुवंशिक दोष वाढल्याचें आढळलेलें नाहीं. लहान मुलांच्या पेशी झपाट्यानें वाढत असतात आणि पुढें आयुष्यहि लांब असतें, म्हणून तीच मात्रा मुलास मोठ्यापेक्षां अधिक बाधते.

आतां आपला २.४ चा गज घेऊं. छातीच्या एका एक्सरेंत ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे निसर्ग तीन दिवस ते पंधरवडा एवढ्या काळांत जितके देतो तितके. दांताच्या लहान एक्सरेंत एका दिवसाएवढे. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्यें सुमारें २, म्हणजे दहा महिन्यांची भर. पोटाच्या सीटी स्कॅनमध्यें ८ ते १०, म्हणजे तीनचार वर्षांची. सोनोग्राफी आणि एम्. आर्. आय्. यांत हे किरण मुळींच नाहींत. एकींत ध्वनि आहे, दुसऱ्यांत चुंबक आणि रेडिओतरंग. पुष्कळ सुशिक्षित मंडळीहि या चारहि गोष्टींस 'फोटो' म्हणून एकाच माळेंत ओंवितात, आणि तेथेंच घोटाळा होतो.

मिरजेंत आम्हीं दोन्ही टोंकांचीं माणसें पाहतों. आमच्या एका विद्यार्थ्यास दीड महिना खोकला आणि संध्याकाळचा ताप होता. डॉक्टरांनीं छातीचा फोटो काढण्यास सांगितलें. वडिलांनीं, 'पोराला किरण नकोत,' म्हणून तो टाळला. पंधरवड्याच्या नैसर्गिक किरणांएवढ्या मात्रेस भिऊन त्यांनीं क्षयासारख्या रोगास दोन महिने मोकळें रान दिलें. अखेर फोटो निघाला, औषध सुरू झालें, मुलगा सुधारला. परंतु घरांतील धाकट्या बहिणीसहि तोंवर लागण झाली होती. याउलट दुसरे एक पालक मुलाचें डोकें दुखतें म्हणून एका वर्षांत तीन निरनिराळ्या ठिकाणीं तीनदां सीटी स्कॅन करून आले. पहिल्याचा निकाल चांगला आला होता. दुसऱ्या डॉक्टरांस तो दाखविलाच नव्हता. पुढें मुलाला चष्मा लागला आणि डोकें दुखावयाचें थांबलें.

आमचें पालकांस सांगणें एवढेंच कीं, जुना फोटो फेंकूं नये, तारखेसह जपून ठेवावा, आणि नव्या डॉक्टरकडे जातांना बरोबर न्यावा. सीटी स्कॅन सांगितला तर, 'याविना निदान होईल काय? सोनोग्राफीनें भागेल काय?' असें अदबीनें विचारावें. जाणता डॉक्टर या प्रश्नानें रागावत नाहीं. आणि तो 'नाहीं, हाच पाहिजे,' म्हणाला तर निःशंक मनानें करून घ्यावा. अपघातांत डोक्यास मार लागलेल्या मुलाच्या बाबतींत दहा महिन्यांच्या किरणांचा हिशेब करीत बसणें हा शुद्ध वेडेपणा होय.

गर्भवती स्त्रियांविषयीं मात्र वेगळें लिहिलें पाहिजे. इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें डॉ. ॲलिस स्ट्यूअर्ट यांनीं कर्करोगानें वारलेल्या मुलांच्या आयांस प्रश्न विचारून माहिती गोळा केली. १९५६ त त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, गर्भारपणीं पोटाचा एक्सरे काढलेल्या स्त्रियांचें प्रमाण या आयांत निरोगी मुलांच्या आयांपेक्षां सुमारें दुप्पट आहे. आयांच्या आठवणीवर काय विश्वास ठेवावयाचा, असें म्हणून पुष्कळ वर्षें त्यांचें म्हणणें बाजूस सारण्यांत आलें. शेवटीं तें मान्य झालें आणि गर्भवतीच्या पोटाचे एक्सरे जवळजवळ बंद झाले. म्हणून दिवस गेले असल्याचा नुसता संशय असला तरी तसें एक्सरे काढणाऱ्यास आधीं सांगावें, लाजूं नये. आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. लहान मूल रडतें, हलतें. म्हणून फोटोच्या वेळीं आईसच तें धरून उभें राहावयास लावतात, आणि तिच्या पोटांत दुसरें मूल आहे हें कोणी विचारीत नाहीं. अशा वेळीं वडिलांनीं किंवा आजीनें धरावें. धरणारानें शिशाचा जड झगा मागून घ्यावा. बाकी मंडळींनीं खोलीबाहेर जावें. तेथें काम करणारे लोक बाहेर जातात तें भित्रेपणानें नव्हे. त्यांना रोज पन्नास फोटो काढावयाचे असतात. ते छातीवर जी लहानशी पट्टी लावतात तिच्यांत त्यांना मिळालेल्या किरणांची नोंद होते, आणि पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षास २० मिलिसिव्हर्टची मर्यादा त्यांना घालून दिलेली आहे. सामान्य माणसास, निसर्ग व औषधोपचार सोडून, ही मर्यादा वर्षास १ आहे. हे नियम मुंबईच्या परमाणु ऊर्जा नियामक मंडळाचे. तें १९८३ त स्थापन झालें.

शेवटीं चिखलाच्या प्रकाराकडे येतों, कारण आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामावर आहेत, आणि ओतशाळेंत मोड येते. एप्रिल १९१० नव्हे, अगदीं अलीकडे, एप्रिल २०१० मध्यें, दिल्लीच्या मायापुरी भागांत एका मोडवाल्यानें लिलांवांत विकलेलें एक जुनें प्रयोगशाळेचें यंत्र घेतलें. त्याच्या पोटांत कोबाल्ट होता, हें विकणारानें पाहिलें नाहीं आणि घेणारास ठाऊक नव्हतें. कामगारांनीं तें फोडलें, तुकडे वांटले. एकानें लहानसा तुकडा पाकिटांत ठेवला. कातडी काळी पडली, केंस गळले, तेव्हां डॉक्टरांस संशय आला. एक मनुष्य मेला, सात जण रुग्णालयांत पडले. त्याआधीं दोन वर्षें, २००८ त, फ्रान्सांतील एका कारखान्यांत लिफ्टचीं बटणें किरण फेंकतात असें आढळलें; पोलादाचा माग काढतां काढतां तो आपल्याच खोपोलीजवळच्या एका ओतशाळेपर्यंत आला. मोडींतून आलेला कोबाल्ट तेथें पोलादाबरोबर वितळला होता. फ्रान्सांतील वीस कामगारांस १ ते ३ मिलिसिव्हर्टपर्यंत मात्रा मिळाली. अपाय थोडा, पण धडकी भरविणारा.

असा पदार्थ डोळ्यांस ओळखूं येत नाहीं. त्याचें पात्र मात्र कित्येकदां ओळखतां येतें. लहान आकाराच्या मानानें तें विलक्षण जड असतें, कारण भोंवतीं शिसें असतें, आणि त्यावर पिवळ्या रंगावर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखी खूण असते. ही खूण सर्व मुलांनीं एक्सरेच्या खोलीच्या दारावर नीट पाहून ठेवावी व घरीं वडिलांस काढून दाखवावी. मोडींत तसें कांहीं दिसलें तर तें उचलूं नये, फोडूं नये, लपवूं नये. सर्वांनीं दूर व्हावें आणि पोलिसांस कळवावें. अंतर दुप्पट केलें कीं किरण चौथाईवर येतात, म्हणून वीस पावलें मागें सरणें हेंहि कांहीं थोडें रक्षण नव्हे.